दयारामची एकतीस मिनिटं

दयारामचा दिवस पहाटे पावणेपाचला सुरू व्हायचा. आधी चहा नाही, आधी चाकू. पिंपळगाव राजात त्याच्या घरामागच्या ओट्यावर धार लावायचा दगड होता. त्यावर तेलाचे दोन थेंब टाकून चाकू एका बाजूने चाळीस वेळा आणि दुसऱ्या बाजूने चाळीस वेळा ओढायचा. मग डाव्या हातावरचे केस काढून बघायचा. केस निघाले की धार झाली. त्या हातावर बोटभर जागा बारा महिने गुळगुळीत असे. तोपर्यंत बायको संजीवनी डबा भरायची. सहाला तो खामगावच्या बसमध्ये, आणि खामगावहून ठेकेदाराच्या गाडीतून, जिथे केबल असेल तिथे.

चाकू विकतचा नव्हता. कारखान्यातल्या मोठ्या करवतीचं तुटलेलं पातं घासून त्याने तो केला होता. मुठीला सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळलेलं.

दयाराम जॉइंटर होता. जमिनीखालून जाणाऱ्या जाड केबलचे दोन तुकडे जोडायचे, हे त्याचं काम. मी त्याच टोळीत बावीस वर्षं चर खोदले आणि केबल ओढली. जोडणं मला येत नाही. पण जॉइंटर चरात बसतो आणि आम्ही वर उभे असतो, त्यामुळे सगळं दिसतं.

ही केबल म्हणजे घरातली वायर नव्हे. मनगटापेक्षा जाड, एका मीटरला नऊ-दहा किलो वजन. वर काळं कवच. त्याखाली लोखंडी पट्ट्यांचा वेढा. त्याच्या आत तीन फेज, म्हणजे वीज नेणाऱ्या तीन तारा, आणि प्रत्येक फेजवर एक काळा थर, पोस्टकार्डापेक्षा थोडा जाड, खालच्या पांढऱ्या थराला घट्ट चिकटलेला. तो काळा थर काढायचा, पण पांढऱ्यावर ओरखडा येऊ द्यायचा नाही. ओरखडा राहिला तर वर्षा-दोन वर्षांत जॉइंट फुटतो. एका जॉइंटला दोन टोकं, एका टोकाला तीन फेज. म्हणजे सहा वेळा तो काळा थर, आणि दोन वेळा ते कवच.

दयाराम जमिनीवर बसून केबल मांडीवर घ्यायचा आणि चाकू स्वतःकडे ओढायचा. पुस्तकात लिहिलेलं असतं की चाकू आपल्यापासून लांब चालवावा. त्याचं म्हणणं, लांब चालवला तर जोर खांद्यातून येतो आणि किती खोल गेला ते कळत नाही. आपल्याकडे ओढला तर जोर पाठीतून येतो आणि खोली बोटांना कळते. ते खरं होतं. चाकू निसटला तर कुठे येईल, हेही तितकंच खरं होतं. हातमोजे तो घालत नसे. मोज्यातून थर कळत नाही म्हणायचा. जिल्ह्यातले निम्मे जॉइंटर त्याच्याकडे पाहून शिकले आणि सगळे केबल मांडीवर घेऊन बसत. प्रत्येकाच्या डाव्या हातावर खुणा होत्या. त्या खुणा ते एकमेकांना दाखवत, कोणती कुठल्या साइटची ते सांगत. आमच्यात त्याला अनुभव म्हणत.

२०२१ च्या डिसेंबरात मेहकर तालुक्यात सोलरचं काम मिळालं. मोठ्या कंपनीचं काम, म्हणून कागद फार. त्यांच्या सुरक्षा अधिकाऱ्याने आमचे ठेकेदार शेखरभाऊ यांना लिहिलं की केबल सोलायला उघडा चाकू चालणार नाही. सुरक्षित हत्यार निवडा, आणि जो माणूस ते वापरणार त्याला विचारून निवडा. शेवटचं वाक्य चांगल्या मनाने लिहिलेलं होतं. त्यानेच पुढचं सगळं झालं.

हत्यार दाखवायला अकोल्याहून आल्हाद नावाचा माणूस आला. तिशीतला, इस्त्रीचा शर्ट, हातात पेटी. पेटीत दोन स्ट्रिपर. एक कवच कापायचा, त्याचं पातं आत लपलेलं. किती खोल जायचं ते स्क्रू फिरवून आधी ठरवायचं. दुसरा गोल, फेजभोवती बसवून फिरवायचा. काळ्या थराची साल सलग निघत यायची. दोन्हींत बोटाची आणि पात्याची गाठ पडत नव्हती.

"काय बे दयाराम, पाह्यलं का हे?" शेखरभाऊंनी विचारलं.

दयारामने मान वाकडी करून पाहिलं. हात लावला नाही. "चांगलं हाय. पेन्सिली छिलाले कामी येईन."

टोळी हसली. सगळ्यात मोठ्याने राजकुमार हसला. राजकुमार आमचा दुसरा जॉइंटर, चाळिशीचा, दयारामच्याच हाताखाली तयार झालेला. बोलायला पुढे. तो आल्हादला म्हणाला, "साहेब, आमच्या दादाच्या चाकूपुढं तुमची पेटी टिकत नाई. लावता का शर्त?"

"शर्यत कशाला? हे वेगासाठी नाहीच," आल्हाद म्हणाला.

"घाबरले पाह्य, साहेब घाबरले!"

शेखरभाऊंना कल्पना आवडली. स्ट्रिपरची किंमत त्यांनी सकाळीच विचारून ठेवली होती. केबल गुंडाळलेल्या एकाच ड्रममधून दोन तुकडे कापले. एकापाशी दयाराम, दुसऱ्यापाशी आल्हाद. कवचापासून काळ्या थरापर्यंत एक टोक साफ करायचं. सकाळचे नऊ वाजले होते. वेळ मी लावली, माझ्या मोबाइलवर.

दयारामला एकतीस मिनिटं लागली. आल्हादला चव्वेचाळीस.

आल्हादचा तुकडा ड्रमच्या वळणाने वाकलेला होता. गोल स्ट्रिपर वाकड्यावर अडतो. त्याने आधी तुकडा सरळ केला, फेज पुसले, मग सुरुवात केली. नऊ मिनिटं त्यातच गेली. शिवाय तो विकणारा माणूस, रोज जॉइंट करणारा नव्हे. हे मला तेव्हाही दिसत होतं. पण टाळ्या मीही वाजवल्या.

आल्हादने घाम पुसला आणि दयारामला म्हणाला, "दादा, हात चांगला आहे तुमचा. आता असंच दुसरं टोक घ्या, लगेच. मग तिसरं, मग चौथं. मीही घेतो. चार झाल्यावर घड्याळ बघू."

"साहेब, हारल्यावर असंच सुचते," शेखरभाऊ म्हणाले. "चहा घ्या."

चौथ्या टोकाची वेळ कोणी लावली नाही.

शेखरभाऊंनी मेहकरहून शाल आणि नारळ मागवला. साइटवर, ड्रमसमोर, दयारामचा सत्कार झाला. फोटो निघाला. तीस वर्षांत त्याला कोणी शाल दिली नव्हती. ती खांद्यावर ठेवूनच तो दिवसभर बसला. चरात उतरताना तेवढी काढून ठेवली.

चार दिवसांनी शेखरभाऊंनी एक टाइप केलेला कागद आणला. 'आम्ही अनुभवी जॉइंटर यांनी सदर यंत्र प्रत्यक्ष वापरून पाहिले असून, कामाच्या दृष्टीने पारंपरिक चाकूच अधिक सोयीचा व सुरक्षित आहे असे आमचे मत आहे.' खाली दयारामचं नाव. यंत्र त्याने हातातही घेतलं नव्हतं. 'सुरक्षित' हा शब्द शेखरभाऊंनी घातलेला. दयाराम दहावी झालेला होता, त्याने कागद पूर्ण वाचला. मग सही केली. कंपनीने कागद फाइलला लावला आणि चाकू चालू राहिला.

पुढच्या मार्चात आम्ही धाडच्या बाजूला होतो. सबस्टेशनपर्यंत केबल न्यायची होती आणि महिनाअखेरीच्या आत लाइन चालू करायची होती. दिवसाला एकेका जॉइंटरचे दोन जॉइंट, म्हणजे चार टोकं. एरवी एकच असायचा. राजकुमार आणि दयाराम एकाच खड्ड्यात समोरासमोर, आपापल्या केबलवर बसत. दुपारचे साडेतीन. राजकुमारचं त्या दिवसाचं चौथं टोक. ऊन डोक्यावरून उतरलं होतं, पण खड्ड्यातली गरमी तशीच होती. राजकुमारने केबल मांडीवर घेतली आणि चाकू स्वतःकडे ओढला, शिकवलं होतं तसा. कवचाखालच्या लोखंडी पट्टीची कड वर आलेली होती. चाकू तिच्यावर आपटला, उडाला आणि डाव्या तळहाताच्या बुडात शिरला.

तो ओरडला नाही. "दादा, पाहा बरं," एवढंच म्हणाला.

गाडी खडी आणायला गेली होती. सतरा मिनिटं आम्ही रस्त्याच्या कडेला थांबलो. मी त्याचा हात वर धरून ठेवला, दयारामने पंचा आवळून धरला. मग एक जीपवाला थांबला. बुलडाणा, तिथून अकोला. दोन ऑपरेशनं झाली. तीन बोटं मिटवणाऱ्या दोऱ्या तुटल्या होत्या. जखम भरली. बोटं मिटली नाहीत.

भरपाईचा विषय निघाला तेव्हा कंपनीचा माणूस साइटवर आला. शेखरभाऊंनी फाइल उघडून तोच कागद पुढे केला. "आम्ही यंत्र दाखवलं होतं, साहेब. कामगारांनीच नाकारलं. ही सही." त्या माणसाने कागदाचा फोटो घेतला. राजकुमारला दवाखान्याच्या बिलातला काही भाग मिळाला, त्यापुढे काही नाही. हातमोजे घातले नव्हते, हेही लिहून घेतलं गेलं.

दयाराम राजकुमारला भेटायला त्याच्या गावी गेला. मी सोबत होतो. राजकुमार बाजेवर बसला होता, डावा हात उशीवर, बोटं उघडी. त्याच्या बायकोने पाणी दिलं आणि आत निघून गेली.

"या, दादा," राजकुमार म्हणाला. "किती मिनिटं लागली होती हो तुमाले? एकतीस ना?"

दयारामने पाण्याचा पेला खाली ठेवला.

"मी लोकाइले अजून सांगतो. आमचा दादा एकतीस मिनिटांत टोक काढते. पेटीवाल्याले हारवलं म्हनतो."

"राज्या, बस कर ना."

"काऊन? खोटं हाय का? शर्त मीच लावली होती, मले बी माहीत हाय. पन सही मी नव्हती केली, दादा."

परतताना बसमध्ये दयाराम खिडकीकडे तोंड करून बसला. खामगाव आल्यावर मला म्हणाला, "त्या आल्हादचा नंबर हाय का तुझ्यापाशी?"

पुढचे सहा रविवार तो अकोल्याला गेला. सुट्टीच्या दिवशीही पावणेपाचलाच उठून. आल्हादने त्याला दुकानामागच्या शेडमध्ये बसायला जागा दिली आणि सोलायला भंगारातले केबलचे तुकडे. आल्हादने मागचं काही काढलं नाही. पहिल्या रविवारी दयारामला एका टोकाला बावन्न मिनिटं लागली. त्याची बोटं खोली शोधायची आणि स्ट्रिपरवर खोली स्क्रूने ठरलेली असते. बोटांना काम उरत नव्हतं, म्हणून ती अडखळत. सहाव्या रविवारी मला घेऊन गेला.

"घड्याळ लाव. अन् या वक्ती चारही टोकांचं लाव."

मी लावलं. चौतीस, चौतीस, पस्तीस, चौतीस.

मग पुढच्या एका साइटवर, त्याचे दोन जॉइंट होते त्या दिवशी, त्याला न सांगता मी चाकूची वेळ लावली. सकाळचं पहिलं टोक एकतीस. दुसरं पस्तीस. दुपारचं तिसरं एक्केचाळीस. चौथं सत्तेचाळीस. जगात हा हिशोब कोणाला माहीत नव्हता असं नाही. आल्हादला माहीत होता. मजुरी करणाऱ्या प्रत्येकाच्या पाठीला तो माहीत असतो. आम्ही मात्र ताज्या हाताचं पहिलं टोक पाहून हत्यार निवडलं होतं.

मी आकडे सांगितले तेव्हा दयारामने चाकू पुसून बाजूला ठेवला. म्हणाला, "अन् मी म्हनत होतो, बोटाले कळते."

तो शेखरभाऊंकडे गेला. पहिल्यांदा ते हसले. दुसऱ्यांदा म्हणाले, "तुलेच तं नको होतं." तिसऱ्यांदा त्यांनी कागद दाखवला. दयाराम म्हणाला, "भाऊ, शर्त पुन्हा लावा. चाकूनं मीच बसतो, स्ट्रिपरनं बी मीच. चार-चार टोकं."

"अन् पाहाले कोन येईन? ते साहेब लोक गेले आता. तू जिंकला होता बे, जिंकलेला मानूस पुन्हा शर्त लावते का?"

टोळीतल्या दुसऱ्या जॉइंटरांनाही ते नको होतं. जॉइंटरांना भाव जॉइंटवर मिळायचा. एक जण तोंडावर म्हणाला, "यंत्र आलं का कोनीबी गडी जॉइंट करन. मंग भाव तुटन. तुमची तं उमर झाली दादा, आमी काय करावं?" त्याचं भय खोटं नव्हतं. त्याच्या डाव्या हाताला दोन महिन्यांपूर्वी पाच टाके पडलेले होते, तेही खोटे नव्हते.

२०२३ च्या जानेवारीत पिंपळगाव राजाकडे जाणाऱ्या रस्त्याकडेच्या केबलचं काम आलं. सव्वीस जॉइंट. शेखरभाऊंना दयारामशिवाय ते जमणारं नव्हतं. कंपनीला जुना हात हवा होता आणि राजकुमार आता कामावर नव्हता. कामाच्या पहिल्या सकाळी दयाराम चरात उतरला नाही. वर उभा राहिला.

"काय झालं?" शेखरभाऊंनी विचारलं.

"स्ट्रिपर आना. तवा उतरतो."

"नाटकं करू नको. लोकं उभे हायेत."

"उभे राहू द्या. मी बी उभाच हाय."

दोन दिवस काम बंद राहिलं. दोन्ही दिवस दयाराम वेळेवर आला, चराच्या काठावर डबा खाल्ला आणि संध्याकाळी गेला. तिसऱ्या दिवशी शेखरभाऊ गाडीतून उतरले ते चिडूनच.

"तुले पाह्यजे ना ते? मंग तुह्या पैशानं घे. मजुरीतून कापतो."

मला वाटलं आता दयाराम चिडेल. तो म्हणाला, "कापा. पन पेटी टोळीपाशी राहीन. कुलपात नाई."

"राहीन बे, राहीन. मले काय लोनचं घालाचं हाय का त्याचं?"

पेटी चौथ्या दिवशी आली. दयारामने स्वतः पातं बसवलं, खोली लावली, एका फालतू तुकड्यावर करून पाहिली आणि चरात उतरला. सव्वीस जॉइंट, बावन्न टोकं, दीडशेवर फेज. त्याने ते एकट्याने केले नाहीत. रोज एका जॉइंटरला शेजारी बसवलं, त्याच्या हातात स्ट्रिपर दिला आणि स्वतः केबल सरळ करून धरली. केबल सरळ धरणं हे हलकं काम वाटतं. नऊ-दहा किलो मीटरला, दोन्ही हातांनी, गुडघ्यावर, अर्धा तास. सत्तावन्नाव्या वर्षी त्याने ते बावन्न वेळा केलं. ज्याला पाच टाके पडले होते तोच तिसऱ्या आठवड्यात म्हणाला, "दादा, हे काही वाईट नाई." त्या कामात मलमपट्टीला हात लावावा लागला नाही. भाव तुटला नाही. जॉइंटही फुटला नाही, आजपर्यंत.

काम संपलं आणि दयाराम थांबला. त्याच्या गुडघ्यात पाणी झालं होतं. खड्ड्यात उतरता येत होतं, वर येता येत नव्हतं.

त्याने काम सोडलं त्याच आठवड्यात पेटी शेखरभाऊंच्या खामगावच्या ऑफिसातल्या लोखंडी कपाटात गेली. एका जॉइंटरने मागितली तेव्हा ते म्हणाले, "महागाची चीज हाय. चरात मातीनं खराब होते. कंपनीचे लोक याचे हायेत तवा काढू." कंपनीचे लोक वर्षातून दोनदा येत. तेव्हा पेटी निघे, पुसली जाई, एक जॉइंटर हातमोजे घालून ती धरून बसे, फोटो निघे. फोटो झाला की ती कपाटात आणि चाकू मांडीवर. आता कंपनीच्या फाइलमध्ये दयारामच्या सहीच्या कागदावर हे फोटो लागले आहेत. त्या ठेकेदाराकडे सुरक्षित हत्यारं आहेत, असं तिथे लिहिलेलं आहे.

दयाराम एकदा कपाटाची किल्ली मागायला गेला. काठी टेकत, बसने. शेखरभाऊंनी चहा पाजला. म्हणाले, "बिल फर्मच्या नावानं हाय, दयाराम. तुह्या नावानं असतं तं आज घेऊन गेला असता."

मी काम सोडलं त्या दिवशी माझा हिशोब घ्यायला त्याच ऑफिसात गेलो होतो. कपाट उघडं होतं. पेटी उघडून पाहिली. दयारामने बसवलेलं पातं अजून तेच होतं, आणि त्याच्यावर सव्वीस जॉइंटांचीच झीज होती. खाली हिशोबाला बसलेल्या जॉइंटरच्या अंगठ्याला पट्टी होती.

दयारामची शेवटच्या तीन महिन्यांची मजुरी त्या पेटीत गेली. संजीवनीला त्यातून घरावर पत्रे टाकायचे होते. पत्रे आले नाहीत.